लांडग्याचा माग

“मामा, मला कुठे दुखत नाही की खुपत नाही. मग पाठीत ती एवढी लांब सुई कशासाठी टोचून घ्यायची?”

हा प्रश्न माझ्या भाचीने मला विचारला तो तीन वर्षांपूर्वी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी. ताईने मला नुकतेच ओवाळले होते. ताटातले निरांजन अजून तेवत होते, बशीतली करंजी तशीच पडली होती, आणि ताई काहीतरी आणायचे निमित्त करून स्वयंपाकघरात गेली होती. ती आत कशासाठी गेली हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. डोळे पुसायला पदर पुरतो. आत जावे लागते ते कोणी पाहू नये म्हणून.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आग्र्याहून सुटका मी इतक्या वेळा रंगवून सांगितली आहे, की पेटाऱ्यात मास्तरच बसले होते की काय अशी मुलांना शंका यावी. पण वैद्यकातले मला ओ की ठो कळत नाही. त्या दिवशी मी भाचीला काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. तिने ते निमूट ऐकून घेतले, आणि ते तिला पटले नाही हे मलाही कळले. सुई टोचायची होती सोमवारी. मध्ये चार रात्री होत्या. आजच्या प्रश्नाचे उत्तर कालच्या दप्तरात शोधायचे, ही इतिहासाच्या मास्तराची जुनी खोड. त्या चार रात्री मी वाचत बसलो, आणि रविवारी संध्याकाळी भाचीला जे सांगितले तेच आज थोडे नीटनेटके करून वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी थोडी हकीकत सांगायला हवी. पोरगी तेव्हा तेवीस वर्षांची. आदल्या उन्हाळ्यात लग्नसराईत दोन-चार ठिकाणी उन्हातान्हात हिंडली आणि दोन्ही गालांवर लाली चढली ती उतरेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, “वांग आलं असेल, चंदन उगाळून लावा.” चंदन झाले, हळद झाली, दुधाची साय झाली. मग सकाळी उठल्यावर हाताची बोटे आखडू लागली. वेणी घालायला आईला हाक मारावी लागे. एका डॉक्टरांनी शक्तीचे औषध दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, की मुलीच्या जातीला अशक्तपणा असायचाच. या साऱ्यात सात-आठ महिने गेले. शेवटी एका शहाण्या वैद्याने तिचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला. लाली दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर होती, पण नाकपुडीच्या कडेने ओठांकडे जी घडी उतरते ती मात्र कोरी होती. त्यांनी केसांचे विचारले, तोंडातल्या फोडांचे विचारले, उन्हाचे विचारले. रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. रोगाचे नाव निघाले लुपस. आणि लघवीत प्रथिन जाते आहे असे दिसल्यामुळे मूत्रपिंडाचा एक बारीकसा तुकडा काढून पाहायचे ठरले. त्याचीच ती सुई.

लुपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्याचे मांस कुरतडून टाकणाऱ्या व्रणांना मध्ययुगातले युरोपीय वैद्य हे नाव देत. त्या एका नावाखाली तेव्हा अनेक रोग कोंबलेले होते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या फेर्डिनांड फॉन हेब्रा या त्वचावैद्याने गालांवरच्या या लालीला पंख पसरून बसलेल्या फुलपाखराची उपमा दिली, आणि १८५१ मध्ये पॅरिसच्या पिएर काझनाव्ह याने ‘लाल लुपस’ असे या रोगाचे वेगळे नाव रूढ केले. एकाच चेहऱ्यावर कोणाला लांडगा दिसला, कोणाला फुलपाखरू! पण दोघांचेही पाहणे चेहऱ्यापाशीच थांबले होते. ते त्वचेचे वैद्य. त्यांच्या लेखी हा त्वचेचा रोग.

हा रोग कातडीखाली उतरतो हे ठामपणे सांगितले हेब्राच्याच जावयाने. त्याचे नाव मोरिट्झ कापोसी. हंगेरीतल्या कापोशवार या आपल्या जन्मगावावरून त्याने हे आडनाव घेतले होते. १८७२ मध्ये त्याने लिहिले, की हे फुलपाखरू ज्यांच्या गालावर बसते त्यांतल्या काहींना ताप येतो, सांधे सुजतात, रक्त आटते, आणि त्यांतले काही जण दगावतात. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८९५ ते १९०४ या काळात या विषयावर लेख लिहिले. त्याचे सर्वच रुग्ण लुपसचे नसावेत असे आजचे जाणकार म्हणतात. पण त्यांत दोन तरुण स्त्रिया अशा होत्या, की गालांवर लाली उमटल्यापासून दहा महिन्यांच्या आत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. ऑस्लरने आणखी एक गोष्ट बजावून ठेवली: अंगावर काहीही न उमटता आतल्या अवयवांवर हल्ला होऊ शकतो.

म्हणजे लांडगा आत शिरतो हे कळले. पण तो नेमका कुठे शिरला आहे हे जिवंत माणसात ओळखायचे कसे?

वैद्यांच्या हाती तेव्हा एकच साधन होते, आणि ते कोणत्याही स्वयंपाकघरात सापडेल असे होते: चमचा आणि मेणबत्ती. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने १८२७ मध्ये आपली निरीक्षणे छापली. अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन तो ज्योतीवर धरी. मूत्रपिंड धड असेल तर ती नुसती उकळे. मूत्रपिंड बिघडले असेल तर अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर गोठतो तशी ती गढूळ होऊन तिच्यात पांढरे कण धरत. रक्तातले जे प्रथिन रक्तातच राहायला हवे ते लघवीवाटे गळते आहे, याची ती खूण. मेल्यानंतर अशा रुग्णांची मूत्रपिंडे उघडून पाहिली तर ती खराब झालेली सापडत. चमच्यातली पांढरी साखळ आणि पोटातले आजारी मूत्रपिंड यांची गाठ ब्राइटने घालून दिली.

ही परीक्षा आजही जुनी झालेली नाही. फक्त मेणबत्ती गेली. १९५६–५७ च्या सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड आणि हेलन फ्री या रसायनशास्त्रज्ञ पतिपत्नींच्या कामातून लघवीतली साखर आणि प्रथिन ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या निघाल्या. पट्टी बुडवायची आणि रंग पाहायचा. प्रथिन नसेल तर पिवळी पट्टी पिवळीच राहते. असेल तर हिरवी होत जाते. लुपस मूत्रपिंडात शिरला की नाही, याची पहिली चाहूल आजही बहुधा लघवीच लावते. तिच्यातले प्रथिन मोजतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी शोधतात.

भाचीला मी इथवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग लघवीनं सांगितलंच आहे ना? पुन्हा सुई कशाला?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे, की लघवी फक्त चाळण फाटल्याचे सांगते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गुच्छ असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे हे गुच्छ सतराव्या शतकात इटलीच्या मालपिगीने प्रथम पाहिले. रक्त गाळले जाते ते इथे. आता यांतले किती गुच्छ फाटले, नुसती सूज आहे की आग पेटली आहे, की आग विझून मागे निव्वळ राख उरली आहे, हे चमचा सांगत नाही आणि पट्टीही सांगत नाही. सूज असेल तर थांबून पाहता येते. आग असेल तर जालीम औषधे तातडीने लागतात. राख असेल तर तीच औषधे देऊन उपयोग नसतो, उलट अपाय होतो. तिन्ही स्थितींत लघवी गढूळच. आणि रुग्णाला विचारावे, तर मूत्रपिंडाचा हा रोग बहुधा दुखत नाही.

हा भेद पाहायला मूत्रपिंडच डोळ्यांपुढे यावे लागते. ते यायचे एका ठिकाणी, शवविच्छेदनाच्या मेजावर. १९२४ मध्ये न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स यांना चार रुग्णांच्या हृदयाच्या झडपांवर चामखिळीसारखे दाणे आढळले. त्यांत जंतू नव्हते. हे दाणे लुपसचेच काम, हे पुढे उलगडले. १९३५ मध्ये त्याच रुग्णालयातल्या बेअर, क्लेम्परर आणि शिफ्रिन यांनी २३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडाच्या गुच्छांतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, ताठ झालेल्या त्यांना दिसल्या, जशी काही तार वळवून ठेवावी. ‘तारेचे वेढे’ असेच नाव त्या खुणेला पडले आणि ते आजतागायत चालते.

इथे वाचता वाचता मी पुस्तक मिटले होते. त्या तारेच्या वेढ्यांमागे बहुतेक तरुण बाया होत्या. लुपसच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, आणि रोग बहुधा गाठतो तो ऐन तारुण्यात. त्यांच्या मूत्रपिंडात काय चालले होते हे वैद्यांना कळले, पण ते कळून त्या बायांना काही उपयोग नव्हता. आमच्या पोरीच्या कागदावर जे जे शब्द लिहिलेले होते ते सारे असे मेजावर शिकलेले होते.

मेजावरून खाटेकडे यायची वाट पहिल्याने उघडली रक्ताने. अमेरिकेत मिनेसोटामधल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्याचे दोन सहकारी अस्थिमज्जेचे नमुने तपासत असत. १९४८ मध्ये त्यांनी एका चमत्कारिक पेशीचे वर्णन केले. एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या मेलेल्या पेशीचे केंद्रक अख्खे गिळले आहे, आणि त्या जांभळ्या घासाने तिचे स्वतःचे केंद्रक कडेला ढकलले गेले आहे. अजगराने बकरे गिळावे तसे ते चित्र. अशा पेशी लुपसच्या रुग्णांत सापडत. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडच्या जॉन हॅझरिकने दाखवले, की लुपसच्या रुग्णाच्या रक्तातला नुसता पातळ भाग निरोगी माणसाच्या मज्जेत मिसळला तरी हा प्रकार घडतो. म्हणजे गुन्हेगार पेशीत नव्हता. तो रक्तरसात होता.

तो कोण, हे १९५७ च्या आसपास उलगडले. अमेरिकेच्या आल्बर्ट कून्सने १९४१ च्या सुमारास प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडायची युक्ती काढली होती. तीच वापरून जॉर्ज फ्रिऊने लुपसच्या रुग्णाचा रक्तरस पेशींवर सोडला, तर अंधाऱ्या काचपट्टीवर पेशींची केंद्रके हिरवी उजळून निघाली. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांना आढळले, की हे प्रतिपिंड चालून जाते ते केंद्रकातल्या डीएनएवर, म्हणजे ज्या द्रव्यात आपला सारा वंशवारसा लिहिलेला असतो त्याच्यावर. शत्रूवर सोडायची फौज शरीर आपल्याच गढीवर सोडते. आपल्याकडे म्हण आहेच: कुंपणच शेत खाते.

पुढे साठीच्या दशकात ध्यानात आले, की हे डीएनएविरोधी प्रतिपिंड रक्तात वाढू लागले आणि कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली संरक्षक प्रथिने घटू लागली, की पुष्कळदा मूत्रपिंडावर हल्ला होऊ घातलेला असतो. अवशेषांतून इतिहास वाचावा तसा हा प्रकार: दारूगोळा कमी झाला आहे, म्हणजे कुठेतरी लढाई चालू आहे. १९७५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी तर माशीच्या पोटात राहणाऱ्या एका एकपेशी जीवाला कामाला लावले. त्याच्या अंगात डीएनएची एक वेगळी गाठ असते. ती चमकली की रक्तात ते प्रतिपिंड आहे असे समजायचे.

पण रक्ताची साक्ष म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. केंद्रकविरोधी चमक काही निरोगी माणसांच्या रक्तातही दिसते. आणि रक्ताच्या परीक्षेने माणसाच्या माथी खोटा डाग कसा लागतो याचे एक उदाहरण याच रोगाच्या इतिहासात आहे.

१९०६ मध्ये जर्मनीच्या वासरमनने गरमीच्या, म्हणजे उपदंशाच्या रोगासाठी रक्ताची परीक्षा काढली. ही परीक्षा जंतूला प्रत्यक्ष ओळखत नसे. एका स्निग्ध द्रव्याशी रक्ताची प्रतिक्रिया होते का, एवढेच ती पाही. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मेरी पँगबॉर्न या बाईंनी ते द्रव्य बैलाच्या हृदयातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आता गंमत म्हणा की दैवदुर्विलास, लुपसच्या काही रुग्णांचे शरीरही अशाच द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. परिणामी, ज्या बाईने पाप म्हणून काही केले नाही तिच्या कागदावर त्या रोगाचा शिक्का बसे. १९३० नंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत लग्नाआधी ही परीक्षा सक्तीची झाली होती. ठरलेल्या लग्नाच्या तोंडावर असा कागद एखाद्या निरपराध मुलीच्या हाती पडला तर तिच्या घरी काय झाले असेल, याची कल्पना आपल्या घरातल्या कोणालाही करता येईल.

१९४९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नेल्सन आणि मेयर यांनी प्रत्यक्ष जिवंत जंतूंवर रक्त तपासायची रीत काढली, तेव्हा खरे-खोटे निवडता येऊ लागले. मग तिथल्याच मूर आणि लुट्झ यांनी खोटा शिक्का बसलेल्या माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, आणि १९५५ मध्ये सांगितले, की यांतल्या कित्येक स्त्रियांत पुढे लुपस प्रकट झाला. ज्याला डाग म्हटले ती लांडग्याची पहिली पावले होती!

त्या पावलांचा माग पुढेही गेला. १९५२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच कॉन्ली आणि हार्टमन यांनी लुपसच्या अशा रुग्णांची नोंद केली, की ज्यांचे रक्त काचेच्या नळीत उशिरा गोठे. पुढे दिसून आले ते अगदी उलटे: नळीत उशिरा गोठणारे हे रक्त शरीरात मात्र नको तिथे गुठळ्या करते. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याची सांगड घातली: पायात गुठळी, तरुणपणी अर्धांगाचा झटका, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, आणि त्या स्निग्ध द्रव्यांविरुद्धची प्रतिपिंडे. वारंवार पोट सांडणाऱ्या बाईला घरोघर काय ऐकून घ्यावे लागते ते मी सांगायला नको. त्यांतल्या काहींच्या रक्तातच त्याचे कारण होते, आणि आज ते परीक्षेने कळते. रक्त पातळ ठेवणारी औषधे देऊन पुष्कळ बाळंतपणे सुखरूप पार पडतात.

आता सुईकडे येतो.

स्वीडनमधल्या लुंड गावी नील्स आल्वाल याने १९४४ मध्ये जिवंत माणसाच्या मूत्रपिंडात सुई घालून तुकडा काढायचा प्रयत्न केला. एक रुग्ण दगावला आणि त्याने ते काम थांबवले. हकीकत छापली ती १९५२ मध्ये. डेन्मार्कमध्ये पोउल इव्हर्सन आणि क्लाउस ब्रुन यांनी रुग्णाला बसवून, पाठीतून सुई घालून तुकडा ओढून घ्यायची रीत १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. पण जवळजवळ निम्म्या वेळा सुईत पुरेसे काही येतच नसे. मग शिकागोला रॉबर्ट कार्क आणि रॉबर्ट म्युर्की यांनी दोन साध्या सुधारणा केल्या. रुग्णाला पालथे निजवले. आणि आधी एक बारीक सुई घालून पाहिली. ती मूत्रपिंडात नीट शिरली असेल तर रुग्णाच्या श्वासाबरोबर लंबकासारखी हलते! ती हलली की जागा सापडली. मग तिथेच मोठी सुई घालायची. १९५४ मध्ये त्यांनी शंभरात शहाण्णव वेळा यश आल्याचे लिहिले. (हाच म्युर्की रुग्णाच्या नखांकडेही निरखून पाही. रक्तातले प्रथिन घटले, की नखांवर आडव्या पांढऱ्या रेघांच्या जोड्या उमटतात, हे त्याने १९५६ मध्ये दाखवून दिले.)

१९५७ मध्ये या दोघांनी पिरानी आणि पोलाक यांच्यासह लुपसच्या मूत्रपिंडांचा जो अभ्यास छापला, तो मेलेल्यांचा नव्हता, जिवंतांचा होता. तारेचे वेढे आता अशा माणसात दिसत होते, की जे दुसऱ्या दिवशी उठून न्याहारी करणार होते. तुकडा आधी पाहता येत होता आणि औषधानंतर पुन्हा पाहता येत होता. १९६१ मध्ये याच मंडळींनी दाखवले, की स्टेरॉइडची मात्रा मोठी असेल तर गुच्छांतली आग निवते आणि आयुष्य वाढते. पुढे १९७४ मध्ये या बिघाडाचे वर्ग पाडले गेले, २००३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते पुन्हा नीट लावले. आज ते सहा आहेत. पहिल्या दोन वर्गांत मूत्रपिंडासाठी बहुधा जालीम औषध लागत नाही. तिसऱ्या-चौथ्यात ते लागतेच. सहाव्यात उशीर झालेला असतो.

हृदयाच्या झडपांवरचे ते दाणेही आता मेजावर शोधावे लागत नाहीत. लुंडच्याच एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाचे हलणे ध्वनिलहरींनी टिपले. त्यासाठी हर्ट्झने आधी जहाजाच्या कारखान्यातले, लोखंडातली चीर शोधायचे यंत्र उसने आणून पाहिले होते. त्याच तत्त्वावरची सोनोग्राफी आज सुईला वाट दाखवते.

“तेव्हा बाई,” रविवारी संध्याकाळी मी भाचीला म्हणालो, “तुला दुखत नाही म्हणूनच ही सुई. दुखेपर्यंत थांबायचं म्हटलं तर बघायला काही उरत नाही. तुझ्याआधी किती जणींच्या बाबतीत हे सारं मागाहून कळलं. तुला आधी कळतंय.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या ऑस्लरच्या दोघी किती वर्षांच्या होत्या हो?”

“तरुण होत्या, एवढंच.”

सोमवारी तिला पालथे निजवले. पोटाखाली उशी, पडद्यावर करड्या सावल्या. श्वास रोखायला सांगितला, ‘टक्’ असा आवाज झाला, पुन्हा एकदा झाला, आणि संपले. नंतर दिवसभर उताणे पडून राहायचे आणि लघवीत तांबडे दिसते का पाहायचे. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दोऱ्याएवढा तो तुकडा डबीत घालून नेताना मी पाहिला. त्यासाठी शंभर वर्षे खर्ची पडली होती.

उत्तर आले: वर्ग चौथा. आग होती, राख नव्हती. औषधे सुरू झाली. स्टेरॉइडने तोंड सुजून चंद्रासारखे वाटोळे झाले, केस गळले, दोन वेळा इस्पितळात राहावे लागले. आरशावर तिने सहा महिने टॉवेल टाकून ठेवला होता. हे सारे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. रोग गेलेला नाही. तो जाणारही नाही. पण १९५५ मध्ये मेरेल आणि शुल्मन यांनी बाल्टिमोरच्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा चार वर्षांनंतर जेमतेम निम्मे हयात होते. आज जिथे रोग वेळेवर ओळखला जातो आणि नीट उपचार होतात, तिथे दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊ जण हयात असतात. या दोन आकड्यांच्या मध्ये औषधे आहेत, आणि औषध केव्हा व किती द्यायचे ते सांगणाऱ्या या सगळ्या परीक्षा आहेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी एखादी लेक, सून, बहीण सांधे आखडल्याचे सांगत असेल, उन्हाने गाल लाल होतात म्हणत असेल, पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर ‘मुलीच्या जातीला असायचेच’ असे म्हणण्यापूर्वी एक लघवीची बाटली तपासायला द्यावी. तिला खर्च फारसा येत नाही. आम्ही ते आठ महिने उशिरा केले.

गेल्या भाऊबीजेला मी ताईकडे गेलो तेव्हा भाची न्हाणीघरातून बाहेर आली ती हातात एक कागदाची पट्टी घेऊन. प्रयोगशाळेची तपासणी डॉक्टर ठरवतील त्या दिवशी होतेच. मधल्या काळात घरी पट्टी बुडवून पाहायची तिने स्वतःला सवय लावून घेतली आहे. खिडकीपाशी उजेडात तिने ती डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली.

“मामा, बघा.”

पट्टी पिवळी होती. ताईने निरांजन लावले, आणि या खेपेला ती ओवाळून झाल्यावर तिथेच बसून राहिली.